सोमवारी फिरलेलं चाक

गडहिंग्लजच्या अंगाला एका ओढ्यावर शिवम्माची पाणचक्की होती. नवरा बसलिंगाप्पा भोळा सांब. जात्याला टाकी लावावी आणि लिंगपूजा करावी, एवढाच त्याचा संसार. स्वराज्य आल्यावर पाचेक वर्षांत इंजिनाची गिरणी झाली, पण ती चार कोसांवर. माघात ओढा आटला की लाकडी चाक अडून बसायचं आणि माणसं डोक्यावर दळण घेऊन तिथवर तंगडतोड करायची. शिवम्मानं गळ्यातली बोरमाळ मोडली. लोहाराकडून पत्र्याची खोलगट पाती करून चाकाला ठोकून घेतली, पन्हळ उभी केली. थोडक्या पाण्यावरही चाक भिंगरीसारखं फिरायला लागलं. होळी आली तरी दळण चालूच!

गिरणीवाल्याच्या पोटात दुखलं. त्यानं आपला गडी गुंडू धाडला, तोही मुद्दाम सोमवारी. महादेवाचा वार म्हणून त्या दिवशी हे लिंगायत लोक ना बैल जुंपत, ना चाक फिरवत. बसलिंगाप्पा देवळात गेलेला. खाडखाड आवाजानं शिवम्मा धावली, तर गुंडू चाकाखालच्या खड्ड्यात उतरून कुऱ्हाडीनं पाती तोडतोय.

"गुंड्या, भाईर ये! फळी उचलीन!" पाटाच्या तोंडाशी पाणी अडवणाऱ्या फळीला हात घालून ती ओरडली.

"आज सोमवार हाय की शिवाक्का!" गुंडूनं दात काढले. "म्हादेवाला इचारलंस व्हय?"

तिसरं पातं तुटलं. शिवम्मानं फळी उपसली.

पाणी धाडदिशी कोसळलं. चाकानं गुंडूचा उजवा हात आत ओढला आणि कोपरापर्यंत चिरडला. शिवम्मानं फळी पाडली, खड्ड्यात उडी घेतली, पदर फाडून त्याचा दंड आवळला आणि त्याला फरफटत वर काढलं. खड्ड्यातलं पाणी लालेलाल.

बसलिंगाप्पानं आल्याआल्या तिच्या थोबाडीत दिली. "सोमवारी चाक फिरवलंस?"

"म्हादेवाचं मी बघते. तुमी पाती ठोका."

गुंडूचा हात गेला. गिरणीवाल्यानं त्याला दारात उभं केलं नाही. इकडे पाणचक्कीवरही चिटपाखरू फिरकेना. "रगताचं पीठ कोण खाईल?" बायका म्हणायच्या. शिवम्मा रोज जातं झाडायची आणि वाट बघत बसायची.

दहाव्या दिवशी गुंडूची आई गौराबाई जोंधळ्याची पाटी घेऊन आली. पाटी आदळून तिनं शिवम्माच्या झिंज्या धरल्या, पाठीत गुद्दे घातले. शिवम्मानं हात उचलला नाही.

"तुझं त्वांड बघू ने," गौराबाई धापा टाकत म्हणाली. "पर चार कोस दळण न्यायला माझ्या घरात आता कोण ऱ्हायलं न्हाय. दळ!"

शिवम्मानं विस्कटलेले केस बांधले आणि फळी उचलायला गेली. तिसऱ्या प्रहरी वाटेवर आणखी चार पाट्या दिसल्या.