न उतरलेली टोपी

ओबेद पेनॉक लाकडी पिंपं करायचा. डेलावेअर नदीकाठी आम्हा क्वेकर पंथीयांची वस्ती बसली, तेव्हापासून दहा वर्षं तो आमच्या मौन प्रार्थनेच्या सभेत माझ्या शेजारी बसत आला. पिंपांना लोखंडी कड्या ठोकून ठोकून त्याचे कान गेले होते. मौनात बसायला कान लागतात कुठे, असं तो म्हणे.

१६९२ साली आमच्यात फूट पडली. मौन मोडून मोठ्याने प्रार्थना करायला कोणी गुडघे टेकले की पुरुषांनी उठून टोप्या काढायच्या. ज्याची प्रार्थना मान्य नाही, त्याच्यापुढे टोपी घालून बसून राहायचं. त्या वर्षी बसून राहणारे बरेच झाले आणि जो तो दुसऱ्याच्या डोक्याकडे पाहू लागला.

एका रविवारी सभेतल्या वडीलधाऱ्या एल्नाथनने प्रार्थना सुरू केली. त्या दिवशी बाकी सगळे उठले. ओबेद टोपीसकट तसाच, डोळे मिटून. मी त्याला कोपर लावलं नाही. मला वाटलं, गेला हाही तिकडे.

आठवड्याने एल्नाथन त्याच्या दुकानात गेला. सभेचा कारकून म्हणून मी बरोबर होतो.

"टोपी का काढली नाहीस, ओबेद?" एल्नाथन त्याच्या कानाशी ओरडला.

"ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने करत जा प्रार्थना."

"बाकीचे उठलेले दिसले नाहीत?"

"डोळे मिटले होते. तू काय उघडे ठेवतोस?"

"फुटिरांच्या नादी लागलो, चुकलो, असं लिहून दे. म्हणजे मिटलं."

"बहिरा आहे असं लिहून देतो. नादी लागलो हे खोटं आहे."

त्याची बायको टॅमर म्हणाली, "लिहून टाक ना. यांच्यावाचून आपलं इथे आहे कोण?"

"कोणी नाही. म्हणून तर यांच्याशी खोटं बोलवत नाही."

आमच्यात मतं मोजत नाहीत. एकाने जरी 'थांबा' म्हटलं, तरी निर्णय थांबतो. ओबेदला काढून टाकायचं ठरत होतं, तेव्हा मी ते म्हटलं नाही. कारकुनाने मध्ये बोलू नये, अशी मी स्वतःची समजूत घातली. ठराव माझ्याच अक्षरात आहे. ओबेदला आधी कळवायचं कामही माझंच होतं. मी गेलो नाही.

पुढच्या रविवारी सभेच्या शेवटी मी ठराव वाचला: ओबेद पेनॉक यापुढे आपल्यातला नाही. मग रीतीप्रमाणे सगळ्यांनी शेजाऱ्याचा हात हातात घेतला. ओबेदने माझ्यापुढे हात केला.

"आज मौन छान लागलं," तो म्हणाला.

मी कागदाची घडी घालत राहिलो. टॅमर बायकांच्या बाजूने आली आणि त्याच्या कानाशी वाकली. तिला तीनदा सांगावं लागलं.