पाठीवरचा पंचनामा

माझ्या बापाच्या पाठीवर बसून मालक वावरात आला.

पैनगंगेचा पूर ओसरला होता, पण वावराच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून असलेल्या नाल्यात अजून गुडघाभर गाळ होता. मालकाच्या पायात पांढरे बूट. त्यानं बापाकडे पाहून नुसते हात पुढे केले. बाप वाकला. मालकाच्या बापानं माझ्या आज्यालाही याच नाल्यात असंच वाकवलं होतं. बटईनं, निम्म्या वाट्यावर दुसऱ्याचं वावर करायचं म्हणजे पाठही द्यायची, अशी आमच्याकडची रीत.

वावर मालकाचं. सोयाबीन मी आणि बापानं पेरलेलं, निंदलेलं. ते पुरानं मुळासकट नेलं. तलाठी मोबाइल घेऊन पंचनाम्याला आले होते. फोटो मालकानं वावरात उभं राहूनच काढून घ्यावा लागतो, रस्त्यावरून चालत नाही. सरकारी मदत सातबाऱ्यावर नाव असेल त्यालाच. आमचं नाव कुठंच नाही. निम्मी मदत तुमची, असं मालक तोंडानं बोलला होता. त्या भरवशावर आम्ही हरभरा पेरायचं ठरवून बसलो होतो.

"तुमी दोघं बाजूले सरका," मालक म्हणाला. "फोटोत नका येऊ."

आम्ही सरकलो. मालकानं चेहरा पाडला. फोटो निघाला. परत जाताना बापाचा पाय घसरला आणि मालकाच्या पँटीला चिखल लागला. बापाच्या डोक्यात टपली मारून तो म्हणाला, "तुह्यापेक्षा बैल बरा बे."

तलाठी हसले. आणि माझा बाप, साठी ओलांडलेला माणूस, तोही हसला. टपलीपेक्षा त्या हसण्याची मला जास्त लाज वाटली.

मदत मालकाच्या खात्यात आली. बाप विचारायला गेला, तर वावर कोणाचं आहे, असं दारातूनच ऐकून परत आला. हरभरा राहिला. हिवाळाभर आम्ही दुसऱ्यांच्या हरभऱ्यात रोजानं गेलो.

यंदा नदी परत आली. पाणी उतरल्यावर वावरात काळा गाळ आणि कुजका वास, बाकी काही नाही. मालकाचा फोन आला, बापाला नाल्यावर उभा ठेव. बाप धोतर वर खोचू लागला. मी त्याच्या आडवी उभी राहिले.

"बाबा, बसा खाली. यंदा कोणी वाकत नाही."

"वावर जाईन, पोरी."

"जाऊ द्या."

मी एकटी गेले. मालक नाल्याच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला उभा. बाजूला तलाठी.

"बाप कुठं हाय?"

"घरी."

"मंग मी कसा येऊ?"

"पायानं या."

तलाठी मोबाइलमध्ये डोकं घालून उभे राहिले. मी नाल्यात उतरले, पलीकडे गेले आणि वावराच्या मधोमध उभी राहिले. "काढा फोटो, साहेब. पेरलं म्या. वाहून गेलं ते माहं."

मालकानं एक बूट गाळाजवळ नेला आणि मागे घेतला. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "पावसाळा सरला नाही अजून. नदीकाठी राह्यता तुमी." मग वळून गाडीत बसला. फोटो न काढताच तलाठी त्याच्यामागे गेले.

त्या संध्याकाळपासून त्याची गाडी आमच्या घरासमोरून हळू जाते. थांबते. पुन्हा जाते. बाप दार लावून घेतो. मी उघडते. मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू? वावर तर गेलंच. आणखी काय जाईल, ते माहीत नाही.

त्याच्या बाकीच्या बटईदारांच्या घरी मी जाऊन आले. बहुतेकांनी दारातूनच वाटेला लावलं. एका बाईनं बसायला पाट दिला. तीही त्याचंच वावर करते, नदीला लागून. तिथला पंचनामा उद्या आहे. आम्ही दोघी आधीच जाऊन वावरात उभ्या राहणार. सरकणार नाही.

मालकाला फोटोत यायचं असेल, तर त्यानं बूट काढावेत.