यंदा पलूसचा नंबर

आष्ट्यात भाऊसो खोतांना सगळे 'वकीलसाहेब' म्हणतात. ते वकील नाहीत. चार बुकं जास्त शिकलेले लोक त्यांना 'सीएसाहेब' म्हणतात. ते सीएही नाहीत. ते कर सल्लागार आहेत, म्हणजे लोकांची आयकराची आणि जीएसटीची रिटर्नं भरून देतात. पण हे समजावून सांगायला गेलं की समोरचा मान डोलावतो आणि म्हणतो, "व्हय, व्हय. कळलं, वकीलसाहेब."

भाऊसो माझ्या आईचे मावसभाऊ, म्हणून माझे मामा. या मामांच्या धंद्याचं एक वैशिष्ट्य आहे, त्यात टाळ्या नाहीत. नाटकात दिवे सांभाळणाऱ्याचं असतं तसंच. सगळं नीट चाललं की तो आहे हे कुणाला माहीतच नसतं, आणि अंधार झाला की सगळं थिएटर त्याच्याच नावानं ओरडतं. रिटर्न बरोबर भरलं म्हणून आजवर एकानंही मामांच्या गळ्यात हार घातला नाही. नोटीस आली की मात्र अख्खं खानदान ऑफिसात.

हेही एक वेळ चाललं असतं. पण मामांना थोरले बंधू आहेत, जयराजमामा. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झाले, तेव्हा आष्ट्यानं त्यांची उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. बँड, फुलं, गुलाल, सगळं. त्यांची पदकं दोघा भावांच्या एकत्र घरातल्या सोप्यात, काचेच्या कपाटात आहेत. पाहुणा आला की आधी कपाट दाखवायचं, मग पाणी. प्रत्येक पदकाची गोष्ट संपली की पाहुणा सौजन्यानं धाकट्या भावाकडे वळायचा.

"आन् ह्ये काय करत्यात?"

"त्यो व्हय?" जयराजमामा म्हणायचे. "त्यो फार्म भरतो."

त्या कपाटात एक खण रिकामा होता. मामींनी, म्हणजे मंगलमामींनी, त्यात प्लॅस्टिकची फुलं ठेवली होती. भाऊसोमामांना त्या खणात आपलं काहीतरी हवं होतं. काहीही. पण सन्मानाचं.

आता सन्मान म्हटलं की आमच्या जिल्ह्याचं करसल्लागारांचं मंडळ आलंच. मंडळाचा उद्देश आहे सभासदांचा व्यावसायिक विकास. हा विकास दरवर्षी हिवाळ्यात महाबळेश्वरला होतो, दोन दिवस, निवासी. सकाळी पुण्याचे वक्ते 'कायद्यातील ताजे बदल' समजावतात. सभासद हजेरीपटावर सही करतात, प्रमाणपत्र कधी मिळणार ते विचारून घेतात आणि कुटुंबाला घेऊन वेण्णा तलावावर होडीत बसायला जातात. दुपारी स्ट्रॉबेरी क्रीम. कायदा बदलत राहतो, स्ट्रॉबेरी क्रीम तेच असतं, त्यामुळे विकासात सातत्य राहतं.

दुसऱ्या दिवशी पुरस्कार. ते इतके आहेत की न मिळणं अवघड; मामांनी तेही साधलं होतं. कार्यक्षम सभासद, उपक्रमशील सभासद, विशेष उल्लेखनीय सभासद, नवोदित करसल्लागार. पण हे सगळे तोंडी लावायला. मुख्य म्हणजे जीवनगौरव. भांडणं नकोत म्हणून तो पाळीपाळीनं एकेका तालुक्याला देतात. योग्यतेनं द्यायला गेलं तर रुसवेफुगवे होतात. तालुक्याप्रमाणे दिलं की सगळ्यांना पटतं.

आष्टा ज्यात येतं त्या वाळवा तालुक्याचा नंबर मागे येऊन गेला होता. तेव्हा भाऊसोमामांनी नवा सफारी शिवून घेतला होता आणि पुरस्कार मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या व्याह्यांना गेला होता.

"आता पुन्ना कवा येनार आपला नंबर?" मामींनी विचारलं होतं.

"सगळं तालुकं फिरून झालं की."

"म्हंजी तवर तुमी ऱ्हायला पायजे."

मामा विचारात पडले. विचारातून उत्तर निघालं. यंदा पलूसचा नंबर. मग आपण पलूसचं का होऊ नये?

पलूस तालुक्यातल्या कुंडलमध्ये खताच्या दुकानाशेजारी एक गाळा घेतला. वर बोर्ड लावला: 'भाऊसो खोत, कर सल्लागार, कुंडल शाखा'. मंडळातलं सभासदत्व रीतसर वाळव्यातून पलूसला बदलून घेतलं. कृष्णेपलीकडे जाऊन बसायचं आठवड्यातून एकदा, तेही पेपर वाचायला. मला फोनवर म्हणाले, "बाळ, तिथं एक बी गिऱ्हाईक न्हाई. लय निवांत हाय."

शाखेच्या उद्घाटनाला पेढे घेऊन उमाताई आल्या. पलूस तालुक्यात कितीतरी वर्षं हेच काम करणाऱ्या उमाताई, मामांपेक्षा वयानं चांगल्या लहान आणि बोलायला चांगल्या मोठ्या.

"अहो भाऊसो, आष्टा सोडून इकडे कुठं?"

"सेवा. लोकांची सेवा करावी म्हणलं."

"हो का? आणि यंदाच बरी आठवली ती."

"म्हंजे?"

"काही नाही. पेढा घ्या. मी एकटी पडत होते बघा इथं. आता माझी माणसं तुमच्याकडे पाठवत जाईन."

मामांना वाटलं, बोलायची रीत आहे. पुढच्याच आठवड्यात गाळ्यासमोर रांग. साखरेच्या पोत्यात बिलं भरून आणलेला ट्रॅक्टरवाला. दोन पॅन कार्डं काढून बसलेला आणि दोन्ही हरवलेला एक पैलवान. आणि बचत गटाच्या बनुबाई, कांदा-लसूण चटणी थेट पुण्याला पाठवणाऱ्या, हातात नोटीस आणि मागे उरलेला गट.

"उमाताईंनी धाडलंय. म्हणल्या, मोटं सायेब हायती."

"आवं, पण मी आज पेपर..."

"वाचा की. आमी बसतो."

बसल्या. मामांनी पेपर मिटला. बायकांनी नोंदणी केली होती, पण धंदा नव्हता त्या महिन्यांची रिटर्नं भरायची असतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मामांनी उत्तर लिहिलं, मागचं सगळं भरून दिलं, प्रकरण मिटलं. परिणाम वाईट झाला. कुंडलमध्ये नाव झालं. पुरस्कारासाठी उघडलेल्या शाखेत मामांना काम करायची वेळ आली. आठवड्यातला एक दिवस होता, त्याचे तीन झाले.

"तुमाला सांगितलं हुतं कुनी?" मामी म्हणाल्या.

"गौरव सोपा नसतो, मंगल."

हिवाळा आला. मामांनी जीवनगौरवाचं भाषण लिहून पाठ केलं. मला फोनवर म्हणून दाखवायचे. 'आयुष्याच्या या सायंकाळी मागे वळून पाहताना' अशी सुरुवात होती. मी नाटकाच्या कितीतरी तालमी पाहिल्यात, म्हणून सांगितलं, 'सायंकाळी' नंतर थोडं थांबा, परिणाम होतो. जयराजमामांना बातमी कळल्यावर तर ते मामांपेक्षा जास्त फुलले. आष्ट्याच्या चौकात त्यांनी स्वतः उभं राहून फ्लेक्स लावून घेतला: 'जीवनगौरव पुरस्काराबद्दल हार्दिक अभिनंदन'. निकाल जाहीर व्हायचा होता, पण आमच्याकडे अभिनंदनाला निकालाची गरज नसते. शिवाय समारंभाला भावकी घेऊन यायची म्हणून त्यांनी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवला. आणि कपाटातली प्लॅस्टिकची फुलं काढायला लावली.

मामा, मामी आणि मी आदल्या दिवशीच महाबळेश्वरला पोचलो. संध्याकाळी हॉटेलच्या व्हरांड्यात चहा चालला होता. तिथं मंडळाचे सचिव अनंतराव आले, सांगलीचे, अतिशय मृदू बोलणारे. मृदू बोलणारी माणसं खुर्ची ओढून बसली की काहीतरी बिघडलेलं असतं.

"भाऊसो, जरा नियमाचं बघावं लागलं आज."

"कसल्या?"

"जीवनगौरवाला ज्येष्ठता लागते. त्या तालुक्यातली. तुमची ज्येष्ठता वाळव्यात."

"व्हय, पर मी आता पलूसला हाय की."

"तेच. सभासदत्व बदललंत, ज्येष्ठता मागे राहिली. पलूसमध्ये तुम्ही सगळ्यांत नवे."

मामांचा कप हवेतच थांबला. "मग जीवनगौरव?"

"उमाताईंना. त्यांनी मागितलाही नव्हता. पण तालुक्यात दुसरं कोणी जुनं नाही."

शेजारच्या टेबलावर उमाताई कणीस खात होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि कणसासकट उठून आल्या.

"उद्या गाडी भरून येतेय ना हो तुमच्या माणसांची?"

मामांनी मामींकडे पाहिलं. मामी बोलल्या. "भाऊजी येनार हायती. पदकं लावून."

उमाताईंनी कणीस बशीत ठेवलं. मग म्हणाल्या, "अनंतराव, नवोदितचा कुणाला?"

"यंदा कोणी नवीन आलंच नाही."

"आलंय की. हे काय बसलेत."

"उमाताई!" मामा ओरडले. "साठीला टेकलोय मी!"

अनंतरावांनी चष्मा पुसला. "नियमात वय नाही. तालुक्यातलं सभासदत्व नवीन हवं, एवढंच आहे. आणि कुंडलची ती बचत गटाची नोटीस तुम्ही छान मिटवलीत. बसतंय, भाऊसो. तंतोतंत बसतंय."

"मी घेनार न्हाई."

"बरं," मामी म्हणाल्या, "मग भाऊजीस्नी फोन करून सांगा, येऊ नगा म्हणून."

मामांनी फोन हातात घेतला. खिशात ठेवला.

सकाळी भावकी उतरली. जयराजमामा कोटावर पदकं लावून पहिल्या रांगेत बसले. व्यासपीठावर एका रांगेत फेटे बांधलेले सत्कारमूर्ती. त्यात नवोदित करसल्लागार, पांढऱ्या मिशांचे. नाव पुकारलं गेलं तेव्हा भावकीनं एवढ्या टाळ्या वाजवल्या की 'नवोदित' हा शब्द निम्म्या सभागृहाला ऐकूच आला नाही. जयराजमामांना आला. त्यांच्या टाळ्या मध्येच थांबल्या आणि मग दुप्पट जोरानं सुरू झाल्या.

शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. मग माईक. आणि मामांना जे पाठ होतं तेच तोंडातून निघालं.

"आयुष्याच्या या सायंकाळी..."

सांगितल्याप्रमाणे थांबले. परिणाम झाला. सभागृहात हशा फुटला. पुण्याचे वक्ते खुर्चीत वाकून हसत होते. मामांनी फेटा सावरला, हशा ओसरू दिला.

"हसा. पुढलं भाषान जीवनगौरवाचं हाय, ते इथं बसत न्हाई. नवोदितानं जास्ती बोलू नये. आभारी हाय. ज्येष्ठांनी मार्गदर्शन करावं."

असं म्हणून त्यांनी उमाताईंकडे पाहून हात जोडले.

"करू की!" उमाताई जागेवरूनच म्हणाल्या.

ज्या धंद्यात टाळ्या नाहीत असं मी वर म्हटलं, त्या धंद्यातली माणसं त्या दिवशी मामांसाठी मनापासून टाळ्या वाजवत होती. चूक कबूल करते.

परतताना आम्ही ट्रॅव्हलरमध्येच बसलो. सन्मानचिन्ह जयराजमामांच्या मांडीवर होतं, मामांनी मागूनही ते देत नव्हते. पसरणी घाट उतरेपर्यंत त्यांनी चारदा खाली कोरलेली अक्षरं वाचली असतील.

"भाऊसो."

"काय, दादा?"

"मला पयलं पदक मिळालं तवा लग्न बी झालं नव्हतं माजं. तू लय उशीर केलास." मग मागे वळून भावकीला म्हणाले, "चौकातला फ्लेक्स उतरवायचा न्हाई रं. जीवनगौरव खोडा फक्त. फोटू चांगला आलाय."

मामा खिडकीबाहेर बघत हसले. मामींना मात्र हिशेब लागत नव्हता. वाई मागे पडल्यावर त्यांनी विषय काढलाच.

"आता गावला की काय गावायचं ते. ती कुंडलची शाखा बंद करा आता. उगंच हेलपाटं."

मामा दचकून त्यांच्याकडे वळले.

"बंद? आगं, नवोदित हाय मी. आत्ताशी कुटं सुरुवात, आन् लगेच गाळा बंद केला तर तालुक्यातली लोकं काय म्हंतील? आन् सोमवारी पैलवान येनार हाय. एक पॅन कार्ड सापडलंय म्हणं."