चेअरमनांच्या आल्प्सच्या स्लाइड्स

दिव्यावर तापलेल्या धुळीचा वास आला की नव्वदच्या दशकातला, इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या आमच्या वॉकिंग क्लबचा हॉल आठवतो. आल्प्सवर सुरुवातीला चढलेल्यांच्या जुन्या चित्रांचे फोटो मी म्युझियममध्ये जाऊन काढले होते आणि आमचे चेअरमन त्या स्लाइड्स स्वतःच्या म्हणून दाखवत फिरत होते. एका संध्याकाळी त्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता आणि प्रोजेक्टर चालवायचं काम माझ्याकडे होतं. त्यांना कधीच न दिलेली एक स्लाइड मी मुद्दाम आत सरकवली. लांब स्कर्ट घालून बर्फ चढणारी बाई पडद्यावर आली. “हा फोटोसुद्धा मीच काढलाय,” चेअरमन म्हणाले. पण चित्रावरच्या काचेत पडलेल्या प्रतिबिंबात कॅमेरा धरलेली, टिकली लावलेली मी स्वच्छ दिसत होते. हॉलभर हशा पिकला. “पुढची स्लाइड!” ते लालबुंद होऊन ओरडले. मी बटण लगेच दाबलं नाही. आज वाटतं, अजून थोडं थांबायला हवं होतं.