मधली पन्हाळ

मी वच्छला, मोर्शीच्या माळ्यांच्या आळीतली. माणिकबाईच्या घरासमोरच माझं घर. लोक तिला "नवऱ्याचा घास फेकणारी" म्हणतात आणि मला ते ऐकवत नाही, म्हणून सांगते. नाहीतर दुसऱ्याच्या घरच्या गोष्टी उकरायची मला हौस नाही. बरं, थोडी आहे.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात. हुकूम नागपूरहून सुटायचे, पण त्या घरात हुकूम चालायचा माणिकबाईच्या सासूचा, पार्बताबाईचा. तिचे दोन लेक, थोरला वामनराव आणि धाकटा केशवराव. हा केशवराव म्हणजे माणिकबाईचा नवरा. सासरा गेल्यावर घराचे दोन भाग झाले, म्हातारी थोरल्याकडे राहिली. मधली मातीची भिंत दोघांची. तिच्या डोक्यावर दोन्ही छपरांचं पाणी एका टिनाच्या पन्हाळीत यायचं, तीही दोघांचीच. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी गत व्हायची त्या पन्हाळीची. पण केशवराव मृगाआधी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायला चढला की तीही खरवडून साफ करायचा. वामनराव खालून "झालं का बे?" विचारायचा. तेवढेच त्याचे कष्ट.

माघात केशवराव तापानं गेला. सत्यवती ही त्यांची एकुलती लेक, तिला तेव्हा दिवस गेलेले. माणिकबाई महिन्याभरात भाजीची टोपली घेऊन बाजारात बसली. रडायला तिला सवड कोणी दिलीच नाही.

आखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे गेलेल्याचा घास कवेलूवर ठेवतात. पळसाच्या पत्रावळीवर भात, पोळी, आंब्याचा रस. कावळा शिवला की माणूस तृप्त झाला समजायचं. केशवरावाच्या घासाला कावळा शिवेना. "मळा विकत नाही," म्हणून पाहिलं, "सत्यवतीचं बाळंतपण नीट करू," म्हणून पाहिलं. छे! चिमण्या टिपायच्या, पण चिमण्यांचं कोण धरतं?

"कोणी हात नाही लावाचा," पार्बताबाईनं बजावलं. "माह्या लेकाचा घास हाय. त्यानंच नेला पायजे." मग ती दर अमावास्येला नवी पत्रावळ चढवायला लावायची. वारा सुटला की जुनी सरकत सरकत पन्हाळीत जाऊन पडायची.

मृगाआधी कवेलू फेरणारा गडी आला, तर म्हातारीनं त्याला पन्हाळीकडे फिरकू दिलं नाही. माणिकबाईनं सासूकरवी वामनरावाला पन्हाळ साफ करायचं विचारलं. तो म्हणाला, "मेलेल्याच्या घासाले हात लावून मी काहून पाप घेऊ?" पाप कसलं डोंबलाचं! आळस मेला. पण म्हाताऱ्या आईच्या आड लपला की आळसालाही धर्म म्हणतात.

आषाढात झड लागली. आभाळ फाटलं म्हणा ना. सत्यवती बाळंतपणाला आली होती, आणि गळत नव्हती अशी एकच खोली उरली होती, मधल्या भिंतीला लागून. तिथंच बाज टाकलेली. सकाळी पोरीला कळा सुरू झाल्या, तशी मी तानुबाई सुइणीला घेऊन गेले. आत जाऊन पाहते तर भिंतीवरून पाणी उतरत होतं. वर पन्हाळ तुंबून काठोकाठ भरली होती आणि बाहेर पडायचं पाणी भिंतीच्या पोटात चाललं होतं. पोपडा फुगून बाजेवर गळून पडला.

तानुबाई म्हणाली, "पोरगीले आता हालवता येत नाही. डोकं दिसून राह्यलं लेकराचं. भिंतीचं काय करता ते करा."

माणिकबाई अंगणात आली. वामनराव आपल्या दारात घोंगडी पांघरून उभा होता. भासऱ्यापुढं, थोरल्या दिरापुढं, ती उभ्या जन्मात बोलली नव्हती. पदर पुढं ओढून ती सासूला म्हणाली, पण आवाज त्याला जाईल इतका मोठा, "आत्याबाई, कोणी चढते का मी चढू?"

"खाली देवघर हाय, त्याच्या डोक्यावर बाईमाणूस चढन?" वामनराव आईकडे पाहून बोलला. हलला मात्र नाही. माझी जीभ अशी वळवळत होती, काय सांगू!

माणिकबाईनं शिडी लावली. पार्बताबाई आडवी आली. "माह्या लेकाच्या तोंडचा घास काढतं का वं?"

"तुमचा लेक गेला, आत्याबाई," माणिकबाई म्हणाली. "माही लेक आत हाय."

ती चढली. कवेलूवरून पाय घसरला, मी खाली किंचाळले. पन्हाळीजवळ पालथी पडून ती दोन्ही हातांनी उपसू लागली. काळी पानं, कुजका भात, चिखल. आणि ती मोठ्यानं रडत होती, नवऱ्याला नाव घेऊन हाका मारत होती, "केशवराव, माफ करजा मले." इतक्या महिन्यांत ती रडलेली मी तेव्हाच पाहिली. पन्हाळ मोकळी झाली, तसा पाण्याचा लोट धबाधबा अंगणात पडला. तेवढ्यात आतून लेकराचा टाहो आला.

भिंत राहिली. नात झाली. पार्बताबाईनं मात्र खाली पडलेला तो कुजका गोळा ओच्यात घेतला, परसात जाऊन पुरला, आणि सुनेशी बोलणं टाकलं. आळीनंही म्हातारीचीच बाजू घेतली. माणिकबाईच्या पदरात ते नाव पडलं ते कायमचं. ती तरी कुठं बधली! दर साली मृगाआधी शिडी लावायची, आपला भाग साफ करायची आणि वामनरावाचाही. कोणी पाहो, कोणी हसो.

काही वर्षांनी म्हातारी अंथरुणाला खिळली. वामनरावाच्या घरी तिचं होईना, तेव्हा माणिकबाईनं तिला त्याच खोलीत आणलं. हागणंमुतणं सगळं केलं, आणि तेही बोलणं नसताना. मी रोज जाऊन बसायची. शेवटच्या दिवसांत एकदा म्हातारीनं सुनेचा हात धरला. इतक्या वर्षांनी तोंड उघडलं, वाटलं आता शिव्याच देणार.

ती म्हणाली, "माणके, मी मेली का माहा घास कवेलूवर नको ठेवू. गाईले देजो. पावसात तुले चढा लागते."