मार्तंड मुळ्याची किळस

मार्तंड मुळ्याला किळस येत नाही अशी वस्तू कोल्हारात शोधून सापडली नसती. दुधावरची साय, ताटातला केस, दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी, एसटीच्या खिडकीचा दांडा, पावसाळ्यात दमट झालेली नोट, सगळ्याची किळस. लहानपणी एकदा आईनं कौतुकानं सायीचं बोट ओठाला लावलं, तर पोरानं न्हाणीपर्यंत जायचीही वाट पाहिली नाही. दुसऱ्या घरात असता तर दोन धपाटे खाल्ले असते. पण घर भिक्षुकांचं, त्यामुळे आल्यागेल्याला मोठ्या अभिमानानं सांगितलं जायचं की आमचा धाकटा जन्मापासूनच सोवळ्यातला आहे.

हा सोवळा पोरगा वडिलांमागून भिक्षुकी करील, असं सगळ्यांना वाटत होतं. त्याला भिक्षुकीचीही किळस आली. घामानं भिजलेली उपरणी, दहा जणांच्या बोटांतून फिरलेल्या दर्भाच्या अंगठ्या, परक्या घरचे तेलकट पाट. ती सगळी थोरल्या भावाच्या, श्रीपादच्या, वाट्याला गेली आणि मार्तंड विज्ञान शिकायला गेला. स्वच्छ पांढरा कोट, काचेच्या नळ्या, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांसमोर होतं. नशीबही असं खट्याळ, की नोकरी मिळाली ती जनावरांच्या संशोधन केंद्रात, आणि काम आलं कोंबडखताचं.

कोंबडखत म्हणजे पोल्ट्रीच्या शेडमध्ये कोंबड्यांखाली अंथरलेलं भाताचं तूस आणि त्यात साठत गेलेली शीट. केंद्रात ते ट्रॉलीनं यायचं. आधी चाळायचं. पिसं, खिळे, काचा, कधी एखादं चिपाड झालेलं पिल्लू बाजूला काढायचं. मग त्यात मक्याची कुट्टी आणि साखर कारखान्याची मळी कालवायची आणि खड्ड्यात तुडवून, प्लॅस्टिकचा कागद पसरून, वारं लागणार नाही असं झाकायचं. शेतकरी मक्याचा मुरघास करतात तसाच हा मुरघास. आतल्या आत तो तापायचा, आंबायचा, आणि उघडला की घाण वास जाऊन लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास यायचा. तो गाईपुढे टाकायचा. ज्या वर्षी रानात काडी नसते त्या वर्षी गाईला यावर तगवता येईल का, आणि पोल्ट्रीवाल्यांनी ओढ्यात ढकललेली घाण कामी येईल का, एवढाच प्रयोगाचा प्रश्न होता. प्रश्न चांगला होता, हे मार्तंडला मनापासून पटलेलं होतं. गाईच्या पोटात तेहतीस कोटी देव असतात असं वडील सांगायचे. मार्तंड वर्षानुवर्षं त्या देवांना कोंबड्यांची शीट वाढत होता.

पण पटणं वेगळं आणि पोटात ढवळणं वेगळं. नाकाला दुहेरी फडकं बांधूनही ट्रॉली उलटली की त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. घरी बायको विजया त्याला मागच्या दारीच अंघोळ करायला लावायची, आणि त्याचे कपडे काठीनं उचलून बादलीत टाकायची. आपण कशाचा चारा करतो हे त्यानं भावाच्या घरी कधीच सांगितलं नव्हतं. चाऱ्यावर संशोधन चाललंय, एवढंच सांगून तो विषय बदलायचा. प्रयोगातल्या गाईंचं दूध तपासून येई, त्यात खोट निघत नसे, आणि केंद्राच्या कँटीनला त्याचाच चहा होई. सगळे प्यायचे. मार्तंड पित्ताचं निमित्त सांगून कोरा चहा घ्यायचा आणि घरी पिशवीचं दूध दोनदा गाळून.

अशात केंद्रावर शेतकरी मेळावा झाला. केंद्राच्या साहेबांनी तक्ते दाखवले, मार्तंडनं झाकण काढून मुरघास दाखवला. मांडवात लोकांनी नाकाला रुमाल लावले. एक जण म्हणाला, गाईला डुक्कर करायचं खूळ आहे हे, आणि बाकीचे हसले. सगळ्यांत मागे कोल्हारच्या वरच्या अंगाला वस्तीवर राहणारी मुक्ताबाई बसली होती. दोन गाई, नवरा गेलेला, आणि त्या साली विहिरीनं तळ दाखवलेला. ती हसली नाही. पुढे आली, मूठभर मुरघास उचलून वास घेतला आणि मार्तंडच्या तोंडाकडे बघत विचारलं, "सायेब, तुमी सोता पेता का ह्या गायीचं दूध?"

"रोज," मार्तंड म्हणाला.

एका शब्दात माणूस किती शेण खाऊ शकतो याला सुमार नाही. मुक्ताबाईनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी मुरघास न्यायला पिंप घेऊन आली.

तिच्या गाई जगल्या, दूधही टिकलं. पण गाव ते गावच. मुक्ताबाई गाईला कोंबड्यांची घाण चारते, ही बातमी वस्तीवस्तीवर गेली. बायांनी तिच्याकडून विरजण न्यायचं बंद केलं. हळदीकुंकवाला गेली तर तिच्या हातचं कोणी घेईना, सख्ख्या जावेनं पेढ्याचा पुडा तसाच परत पाठवला. ज्या बाया हे करत होत्या त्यांच्याच परसात उकिरड्यावर कोंबड्या आणि गाई एकत्र चरत होत्या, ते मात्र कुणाच्या डोळ्यांत खुपत नव्हतं. पिंप भरायला आली की मुक्ताबाई हे सगळं शांतपणे सांगायची आणि शेवटी म्हणायची, मुळेसायेब भटाचं मानूस, ते पेतात, मग आमाला कसला इटाळ. मार्तंड खाली बघून पिंप भरायचा. त्याला प्रत्येक वेळी खरं सांगावंसं वाटायचं आणि प्रत्येक वेळी तो पुढच्या खेपेवर ढकलायचा.

श्रावणात श्रीपादचा फोन आला. पौर्णिमेला नदीकाठच्या देवळात श्रावणी होती. गावातली सगळी मंडळी एकत्र बसून जानवी बदलतात, आणि त्याआधी शुद्धीसाठी पंचगव्य घेतात: गाईचं दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण. गाय देशी लागते. घरोघर जर्सी झाल्या, राखलेल्या देशी उरल्या त्या केंद्रात, तेव्हा मार्तंडनंच सगळं आणावं, दूध दोन दिवस आधी द्यावं म्हणजे दही लागेल आणि थोडं लोणी निघेल.

केंद्रातल्या गीर गाई एकूणएक प्रयोगात होत्या. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार, कारण सांगावं तर इतक्या वर्षांचं झाकण उघडणार. मार्तंडनं स्वतःची समजूत घातली की तपासणीत सगळं स्वच्छ आहे, आणि आपण थोडंच पिणार आहोत. तीर्थ हातावर घेऊन ओठाला लावल्यासारखं करायचं आणि बाहीत सोडायचं, ही कला त्याला मुंजीपासून येत होती. त्यानं दूध दिलं, आणि पौर्णिमेला सकाळी गोमूत्र-शेणाचे दोन डबेही पोचवले.

श्रावणीत अंगावर सदरा नसतो, म्हणजे बाहीही नसते, हे त्याला देवळात पंगतीत बसल्यावर आठवलं. श्रीपाद पळी घेऊन एकेकासमोर येत होता. निवृत्त मास्तर, बँकेतले दोघे, औषधाचा दुकानदार, सगळ्यांनी डोळे मिटून भक्तिभावानं गिळलं. कातडीतलं, हाडातलं पाप यानं जळतं म्हणे. मार्तंडच्या तळव्यावर पिवळट हिरवं पाणी पडलं.

"घे की," श्रीपाद म्हणाला. पंगत बघायला लागली.

मार्तंडचा हात तसाच राहिला. त्याला ट्रॉली दिसली, पिल्लाचं चिपाड दिसलं, आणि मग मूठभर मुरघास नाकाशी धरून आपल्या तोंडाकडे बघणारी मुक्ताबाई दिसली. त्यानं हात खाली केला आणि तो म्हणाला, "दादा, ही गाय कोंबडखत खाते. आमच्या सगळ्याच खातात. मीच चारतो."

पुढे जे झालं ते बघवत नव्हतं. शेण आणि मूत गिळताना ज्यांच्या कपाळाला आठी पडली नव्हती, ते कोंबडीच्या नावानं देवळाच्या पायऱ्या उतरत नदीकडे धावले. मास्तर गुडघ्यांवर बसून ओकत होते. दुकानदार घशात बोटं घालत होता आणि मधूनच मार्तंडच्या नावानं बोटं मोडत होता. नदीचं पाणी पुढे कोणाच्या तोंडी जातं याचा विचार कोणी केला नाही.

ओकून झाल्यावर शास्त्र निघालं. अभक्ष्य पोटात गेलं तर शुद्धीला काय, तर पंचगव्यच. म्हणजे पुन्हा देशी गाय हवी. स्टँडवरच्या चहावाल्या गोरक्षनाथाची एक देशी गाय होती, आधी कुणाला न आठवलेली, दिवसभर मोकाट. हॉटेलांमागचं शिळं, प्लॅस्टिकच्या पिशव्या भाजीसकट, मटणाच्या दुकानामागच्या गटारीचं पाणी, काय वाटेल ते तिला चाले. तिचं दूध काढून आणलं, बाकीचं दोन्हीही तिच्या मागे उभं राहून धरलं. दहीतूप दुकानातून पुड्यात आलं. परत पंगत बसली आणि परत सगळ्यांनी डोळे मिटून गिळलं. चेहऱ्यांवर समाधान पसरलं.

मार्तंडला आतापर्यंत खूप गोष्टींची किळस आली होती, पण अशी नाही. त्यानं भावाला बाजूला घेऊन विचारलं की त्या गाईच्या पोटात काय काय आहे ते ठाऊक आहे का.

"न विचारलेलं सगळं शुद्ध असतं, मार्तंड," श्रीपाद हळूच म्हणाला. "तुला एवढ्या वर्षांत एवढंही कळलं नाही? आता घे आणि बस, नाहीतर आमच्यात पुन्हा बसू नकोस."

मार्तंड बसला नाही. सदरा अंगात घालून तो सरळ मुक्ताबाईच्या वस्तीवर गेला. ऊन कललं होतं, ती धार काढून उठत होती. बातमी त्याच्या आधी पोचली होती. गोरक्षनाथानं गाय दिली तेव्हाच ती सगळ्या स्टँडभर झाली होती.

"भटजी लोक वकले म्हनं," ती म्हणाली. "आन तुमी?"

"मी घेतलंच नाही."

"आज न्हाई घेतलं?"

"कधीच नाही. त्या दिवशी मी तुम्हाला खोटं सांगितलं."

मुक्ताबाई चरवी खाली ठेवून उभी राहिली. ओरडली नाही. ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात नुसती शिसारी होती, मार्तंड ट्रॉलीकडे बघायचा तशी. "गाव माज्या हातचं खात न्हाई, त्येचं मला काय बी वाटलं न्हाई. म्हनलं, सायेब पेतोय. आन तुमाला माज्या गायीची घान वाटत हुती व्हय?"

"तुमच्या गाईची नाही," मार्तंड म्हणाला.

ती आत गेली. चुलीवरचं सकाळचं तापवलेलं दूध तिनं पेल्यात ओतलं आणि आणून त्याच्यासमोर धरलं. पेला तिच्याच घरचा, काठाला पोचे पडलेला. वर जाड, सुरकुतलेली साय. मार्तंडनं श्वास रोखला आणि पेला तोंडाला लावला. साय ओठाला चिकटली तेव्हा सगळं अंग शहारलं, पण तो थांबला नाही. दूध घशाखाली गेलं. ते दुधासारखं लागलं. गोडसर, दाट, नेहमीच्या चांगल्या दुधासारखं, बाकी कशाहीसारखं नाही.

पेला रिकामा झाल्यावर त्याच्या पोटात ढवळलं ते दुधानं नव्हे. एवढ्याशासाठी, या साध्या पेलाभर दुधासाठी, आपण एका बाईला वर्षभर गावाबाहेर बसवलं, या विचारानं ढवळलं. त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची किळस आली, आणि ती मागच्या दारी अंघोळ करून जाणारी नव्हती.

"अजून देऊ?" मुक्ताबाईनं विचारलं. तिच्या आवाजात अजूनही गोडवा नव्हता.

मार्तंडनं पेला पुढे केला. "द्या. उद्या पारावर चार लोकांसमोर पिईन, तुमच्याच घरचं. फक्त साय तेवढी काढता आली तर बघा."

मुक्ताबाईनं दूध ओतलं, सायीत बोट घातलं, ती उचलून स्वतःच्या तोंडात टाकली आणि बोट लुगड्याला पुसून पेला त्याच्या हातात दिला. मार्तंडनं तिच्या बोटाकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं आणि तो दूध प्यायला.