बिनडाग

माझ्या आत्याला बाजारात सगळे 'बिनडाग' म्हणत. चाळीस वर्षं तिने कापडावर ठसे उमटवले आणि तिच्या हातून एकाही ताग्यावर नको तिथे ठिपका पडला नाही, अशी तिची ख्याती. मी हे ऐकून नाक मुरडायची. मला भरतकाम येत होतं, त्याचा माज होता. "त्यात काय मोठं? बुडवायचं आणि दाबायचं," असं मी तिच्या तोंडावर म्हणाले होते.

तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी कामाला ये म्हणाली.

लांबट खोली, मधोमध जुन्या घोंगड्या अंथरलेलं टेबल, भिंतीला टेकून लाकडी ठसे. ताटलीत रंग असेल अशी माझी समजूत, तर तिथे पाण्यासारखं काहीतरी. तुरटी आणि डिंक. आत्याने ते दोन तळव्यांत चोळून दाटपणा पाहिला, लगेच हात खळखळून धुतले, पुसले आणि मग ठसा उचलला. लहानपणी ठसा पडून तिची करंगळी मोडली होती, ती वाकडी होऊन बाहेर राहायची. ठक्. ठक्. कापडावर ओली चमक उठायची आणि सुकली की तीही नाहीशी. अख्खा दिवस ती कोऱ्या कापडावर कोरं काम करत राहिली. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय.

चार दिवसांनी तिने ते कापड धुतलं, मंजिष्ठेच्या मुळ्या उकळत होत्या त्या हंड्यात सोडलं, ढवळलं आणि काठीने वर उचललं. मी तोंडात बोटच घातलं. वेली, पानं, पाकळ्या, सगळं लालभडक, आणि प्रत्येक वेलीचं टोक पुढच्या देठाला नेमकं टेकलेलं. जिथे तुरटी, तिथेच लाल. कोणालाही न दिसणारं हे सगळं तिला दिवसभर दिसत होतं! इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं. माझा माज त्या हंड्यातच विरघळला.

"तुरटीचं बोट कापडाला लागलं ना, तर आज लपेल," ती म्हणाली, "पण हंड्यात गेल्यावर बोंबलेल."

माझ्या पहिल्या चादरीने तर गावभर बोंब मारली. पाच बोटं निघाली, कोपर निघालं आणि हनुवटीसुद्धा. हनुवटी कशी लागली, ते मला आजही सांगता येत नाही.

तीन वर्षं शिकले. तिसऱ्या वर्षी आत्याच्या हातातली कपबशी वाजू लागली. मग एका सकाळी ती म्हणाली, "हा पलंगपोस तू एकटीने छापायचास. मी हात लावणार नाही. स्वच्छ निघाला तर खोली, ठसे, हंडा, सगळं तुझं. एक जरी डाग निघाला तर ठसे विकून टाकते. कच्च्या हातात नाही द्यायची मी."

दोन दिवस मी जीव मुठीत धरून छापलं. दुसऱ्या दुपारी घोटभर पाणी प्यायला बाहेर गेले आणि परतले, तर आत्या टेबलापाशी उभी, हात पाठीमागे.

"दाटपणा बघितला फक्त. आणि इथे सळ पडली होती, ती काढली. लक्ष कुठे असतं गं तुझं?"

हात लावणार नव्हती ना ही? पण तिला कोण बोलणार! मी ठसा उचलला आणि कामाला लागले.

चार दिवसांनी हंड्यातून पलंगपोस वर काढला. वेलींच्या मधोमध एक लाल पंजा.

"आत्या, चुकलं माझं," मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. "कधी लागला, खरंच कळलं नाही." तिच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनातही आलं नाही. ती बिनडागच होती.

आत्याने कापड पिळून टेबलावर पसरलं आणि बराच वेळ बघितलं. तळव्याच्या रेषान् रेषा उमटल्या होत्या, कडा कापऱ्या, दुहेरी. करंगळी वाकडी. तिने आपला हात त्यावर ठेवला. तो बरोब्बर बसला. दाटपणा बघून झाल्यावर, चाळीस वर्षांत पहिल्यांदा, ती हात धुवायला विसरली होती.

ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. मी गुन्हा कबूल करून बसलेच होते.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे," ती हसली. "बाकीचं कापड बघितलंस का? एक ठिपका नाही. सगळं तुझं आता."

मग ती नळापाशी गेली आणि हात धुवू लागली. खूप वेळ धुतले. त्यांना काहीही लागलेलं नव्हतं.

परत आली ती माझ्या स्टुलावर बसली, शिकाऊच्या जागी.

"हा पलंगपोस विकायचा नाही," ती म्हणाली. "त्या पंजाभोवती बारीक टाका घाल. तुला भरतकाम येतं ना मोठं?"

मी सुई ओवायला घेतली. पहिला टाका त्या वाकड्या करंगळीपाशी घातला.